त्यापेक्षा माथेरान बरं

आमचे साडू ज्या गावी जातात, त्या गावी ते नसतात. देहानं असतात, नाही असं नाही. खोलीचे पैसे भरलेले असतात, नाश्त्याचे पोहे दुसऱ्यांदा वाढून घेतलेले असतात, गरम पाण्यावरून खोलीवाल्याशी एकदा वाजलेलंही असतं. पण मनानं मुक्काम कुठं तरी दुसरीकडेच. महाबळेश्वरला गेलो तेव्हा ते तीन दिवस पन्हाळ्यावर होते. गेल्या डिसेंबरात माथेरानला गेलो, तर तिथं ते कर्नाळ्यात होते. आणि यंदा जानेवारीत कर्नाळ्याला गेलो तेव्हा ते कुठं होते, हे सांगायला नकोच.

मुळात कर्नाळा ठरलं ते त्यांच्यामुळेच. माथेरानला दस्तुरीपासून पुढं गाडी जात नाही, चालायचं. तांबड्या मातीनं साडूंचे काळे बूट विटकरी झाले आणि त्यांनी रस्त्यातच थांबून जाहीर केलं, "पैसे टाकून धूळ खायला कशाला यायचं, साडूभाऊ? त्यापेक्षा कर्नाळा! पनवेलपासून बारा किलोमीटर. झाडी, पक्षी, वर किल्ला. घोड्यांची लीद नाही, माकडांचा त्रास नाही. कॉलेजात असताना गेलो होतो मी. काय जागा आहे!" हे ते पॅनोरमा पॉइंटला म्हणाले, शार्लोट लेकला म्हणाले, चिक्कीच्या दुकानात चिक्कीची चव बघता बघता म्हणाले. शेवटी माझी मुलगी म्हणाली, "काका, मग पुढच्या वर्षी कर्नाळ्यालाच जाऊ या ना." साडू म्हणाले, "बघा, पोरीला कळतं."

साडूंचं आयुष्य लेखापरीक्षणात गेलं. तीस वर्षं दुसऱ्यांच्या वह्यांतली चूक शोधायची आणि समासात लाल शेरा मारायचा. त्या नोकरीला आता दोन वर्षं उरलीत, पण शेरा मारायची सवय डोंगर-दऱ्यांनाही लागू झालेली आहे. सहलीचा त्यांचा वेष ठरलेला. माकडटोपी, अर्ध्या बाह्यांचा स्वेटर, कमरेला पाऊच, आणि खांद्याला घरच्या चहाचा थर्मास. हा थर्मास का, तर बाहेरचा चहा गोड असतो. थर्मासमधला चहा ओतताना ते म्हणतात, "गारठलाय. त्यापेक्षा टपरीवरचा बरा."

मोठ्या मेव्हणीनं, म्हणजे ताईंनी, यावर तीस वर्षांपूर्वीच उपाय शोधलेला आहे. त्या न ऐकता "हो ना" म्हणतात. इतकं अचूक म्हणतात, की वाक्य संपायच्या क्षणी "हो ना" पडतो. एकदा साडू नुसतेच खोकले, तरी पडला होता.

तर शनिवारी दुपारी डोंबिवलीहून दोन गाड्या निघाल्या. पळस्पे फाट्याला मुंबई-गोवा महामार्ग धरला. पुढं शिरढोण लागतं. मी मुलांना सांगू लागलो, की हे वासुदेव बळवंत फडक्यांचं गाव, ४ नोव्हेंबर १८४५ ला ते इथं जन्मले, आणि त्यांचे आजोबा अनंतराव कर्नाळ्याचे किल्लेदार. १८१८ साली इंग्रज आले तेव्हा किल्ला त्यांच्याच ताब्यात होता. म्हणजे नातवाला इंग्रजांचा राग हा घरातच मिळाला होता म्हणायचा. मुलं ऐकत होती. साडूही ऐकत होते, असं मला वाटलं.

"इंग्रजांवरून आठवलं," ते म्हणाले. "ह्यूज मॅलेट. ठाण्याचा कलेक्टर. १८५० मध्ये चढला आणि माथेरान शोधून काढलं. आणि ती गाडी! आदमजी पीरभॉयच्या पोरानं बांधली, अब्दुल हुसेननं. १९०७. दोन फुटी रूळ. एकवीस किलोमीटरचा घाट. याला म्हणतात इतिहास."

गेल्या डिसेंबरात याच गाडीत बसल्यावर ते "बैलगाडी यापेक्षा लवकर जाते" म्हणाले होते. मी मागं वळून ताईंकडे पाहिलं. "हो ना," ताई म्हणाल्या.

रात्री पोपटी होती. थंडीत रायगड जिल्ह्यात जाऊन पोपटी न खाता परत येणं म्हणजे आळंदीला जाऊन माउलींचं दर्शन न घेणं. आम्ही उतरलो होतो त्या घरामागच्या शेतात मडकं तयारच होतं. तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, मध्ये बटाटे, रताळी, अंडी, ज्यांना चालते त्यांच्यासाठी पाल्यात गुंडाळलेली कोंबडी, परत शेंगा, आणि तोंड पाल्यानंच गच्च बंद. पाण्याचा थेंब नाही. मडकं उलटं ठेवून भोवती पेंढा आणि काटक्या रचून पेटवून दिलं. अर्ध्या तासानं घरधन्यानं तापल्या मडक्यावर पाण्याचा शिपका मारला. चर्र झालं आणि पाणी तिथल्या तिथं उडालं. "झाली," तो म्हणाला.

मी, बायको, मुलं, सगळे "वा!", "मस्त!" करत शेंगा सोलत होतो. बोटं काळी, ओठ काळे. भांबुर्ड्याचा तो उग्र, ओव्याला धरून असलेला वास. साडू मात्र एकेक शेंग चुलीच्या उजेडात धरून तपासत होते. दाणा किती शिजला, मीठ कुठपर्यंत पोचलं. सहा शेंगांनंतर शेरा आला.

"हा उंधियूचाच भाऊ. सुरतेला खाल्ला होता मी. त्याची सर नाही."

सुरतेचा तो उंधियू मीही त्यांच्या शेजारी बसूनच खाल्ला होता. तेव्हा ते म्हणाले होते, की तेल किती, यापेक्षा आपली पोपटी बरी. पण वाद घालून उपयोग नसतो. साडूंनी मडकं संपेपर्यंत शेंगा खाल्ल्या आणि घरधन्याला ओवा किती घातला ते दोनदा विचारून घेतलं.

रविवारी सकाळी अभयारण्याच्या फाटकाशी पोचलो. कर्नाळ्याला १९६८ मध्ये पक्षी अभयारण्य झालं. आधी साडेचार चौरस किलोमीटरच्या आतलं हे जंगल पुढं वाढवून बारापर्यंत नेलं. जातो तो महामार्ग त्याच्या पोटातूनच, त्यामुळं इकडं ट्रकचा हॉर्न आणि दहा पावलं आत गेलं की तांबटाची टुक-टुक. फाटकावर प्लास्टिकच्या बाटल्या मोजतात आणि त्यांची अनामत ठेवून घेतात. परतताना बाटल्या दाखवायच्या, पैसे न्यायचे. आमच्या नऊ निघाल्या. या व्यवस्थेवर साडू खूश झाले. पावतीची चार घड्यांची घडी करून त्यांनी ती पाऊचच्या आतल्या कप्प्यात ठेवली, चेन लावली आणि चेन लागली का ते पुन्हा ओढून पाहिलं. माथेरानला अशी व्यवस्था आहे का, हा मुद्दा त्यांनी काढला नाही, हे मी नोंदवून ठेवलं.

खालच्या सपाट वाटेनं सासूबाईही आल्या. तिथं एका झाडावर काळा, शेपटीला दोन लांब तारा आणि तारांच्या टोकाला पिसांचे गोंडे लावलेला पक्षी बसला होता. भृंगराज. तिथल्या पोरानं सांगितलं, की हा नकला करण्यात पटाईत, दुसऱ्या पक्ष्यांचे आवाज हुबेहूब काढतो. सासूबाई थोडा वेळ ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे इथं बसून दुसरीकडचंच बोलतो म्हणायचा." आणि त्यांनी मोठ्या जावयाकडे प्रेमानं पाहिलं. साडू तेव्हा त्या पोराला विचारत होते, की इथं घोडे का नाहीत.

"चढाला घोडा पाहिजे हो. माथेरानला ती सोय आहे."

सासूबाई आणि ताई खाली बाकावर थांबल्या, आम्ही गड चढायला लागलो. चढ दीड-दोन तासांचा. जंगलातून छाताडावर येणारी वाट, मुळ्यांच्या पायऱ्या, जानेवारीतही घाम. साडू दर वळणावर थांबत आणि थांबायचं कारण म्हणून काहीतरी बोलत. मुलीनं चौथीच्या इतिहासाची उजळणी चालवली होती.

"काका, पुरंदरच्या तहात जे तेवीस किल्ले द्यावे लागले ना, त्यात हा पण होता. आणि १६७० मध्ये महाराजांनी परत घेतला."

"प्रबळगड पण होता त्या यादीत," साडू धापा टाकत म्हणाले.

"हो! तुम्हाला माहितीये?"

"आणि प्रबळगडाच्या मागं काय आहे?"

"काय?"

"माथेरान."

वर पोचलो. दरवाजा, पडक्या भिंती, आणि मधोमध तो सुळका. लांबून, थेट मुंबई-पनवेल रस्त्यावरून दिसतो तो कर्नाळ्याचा अंगठा. सव्वाशे फुटांचा कातळ सरळ उभा. आमच्या घरच्या व्हॉट्सॲप गटावर कुणी काही टाकलं तरी साडू कधीही अंगठा देत नाहीत. इथं त्यांच्या डोक्यावरच तो उभा होता आणि काढून घ्यायची सोय नव्हती. सुळक्याच्या पायाशी खोदलेली टाकी आहेत, गार सावली आहे. साडूंनी माकडटोपी काढली, श्वास घेतला, ईशान्येकडे हात केला आणि खड्या आवाजात सुरुवात केली, "ते बघा! तो सपाट माथा दिसतोय ना, तेच—"

"काका, हळू!" शेजारच्या ट्रेकरांपैकी एक जण कुजबुजला. त्यानं बोट वर केलं. कातळाला काळं, सुपाएवढं लोंबतं पोळं. आग्यामोहोळ. एक नाही, बरीच. "मोठ्यानं बोलू नका. उठली तर पळायला जागा नाही."

साडूंचं तोंड मिटलं. मी त्यांना सत्तावीस वर्षं ओळखतो. श्राद्धाच्या जेवणात, ऑपरेशन थिएटरच्या दारात, माझ्या लग्नात अंतरपाट धरलेला असतानासुद्धा ते असे गप्प नव्हते. ते टाक्याच्या कडेला बसले. पाऊचमधून संत्रं काढलं. सोललं, फोडी वेगळ्या केल्या, प्रत्येक फोडीची पांढरी शीर ओढून काढली. साल स्वेटरच्या खिशात. खाली दरीवर एक घार फिरत होती. आम्ही तिच्या वर होतो. साडू तिच्याकडे बघत बसले. ती वळली की त्यांची मान वळे. अर्धा तास. मी या काळात अंगठ्यासह एकूण चौतीस फोटो काढले.

उतरताना ते मागंच पडत होते. दोनदा हाका मारल्या. एकदा पाहिलं तर वाटेत उभे, मान वर, टोपी हातात, झाडीत शीळ घालणारं काहीतरी शोधतायत. "गुडघा आखडलाय," ते म्हणाले. मी विचारलं नव्हतं.

फाटकातून गाड्या काढल्या. कळंबोलीच्या अलीकडे साडूंनी पाणी प्यायला पिशवी उघडली. आत नऊच्या नऊ रिकाम्या बाटल्या. अनामत घ्यायची राहिली होती. पाऊचची चेन तशीच बंद, पावती आत, चार घड्यांत. गाडीत सगळ्यांनी श्वास धरला. रेल्वेच्या तिकिटातले दोन रुपये परत मिळावेत म्हणून या माणसानं एकदा चार अर्ज केलेले आहेत.

"राहू दे," साडू म्हणाले.

ताईंचा "हो ना" पडला नाही. त्यांनी नवऱ्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

संक्रांतीनंतरच्या रविवारी आमच्याकडे हळदीकुंकू होतं. ताईंना सोडायला साडू आले, आणि बाहेरच्या खोलीत बायका म्हणून आत स्वयंपाकघरात शेजारच्या दोन गृहस्थांबरोबर तिळगूळ खात बसले. चहा द्यायला गेलो तर कानावर आलं.

"घारीची पाठ बघितलीये कधी? आपण नेहमी पोट बघतो. पाठ तपकिरी असते, आणि शेपटीला मध्ये खाच. ती शेपूट ती सुकाणूसारखी फिरवते. पंख हलवत नाही. अर्धा तास बघत होतो मी." मग पोपटी आली. ओवा मूठभर, मीठ खडेच हवं, शिपका मारल्यावर चर्र वाजलं तरच उतरवायची. मग आग्यामोहोळ, टाक्यातलं पाणी, बाटल्यांच्या अनामतीची व्यवस्था. "असा शिस्तीचा कारभार मी कुठं पाहिला नाही." शेजारी भारावून ऐकत होते. एकानं सुळक्याची उंची विचारली. साडूंनी सांगितली. मला ती पाठ नव्हती. मी कर्नाळ्याला दोन दिवसांत पन्नासेक वेळा "मस्त" म्हटलं असेल. आता आठवायला गेलो तर गाडी लावायला जागा मिळाली नव्हती तेवढं स्वच्छ आठवत होतं. घारीची पाठ माझ्या एकाही फोटोत नाही.

"तुम्ही सांगा ना हो, साडूभाऊ, कसं होतं!" त्यांनी मला ओढलं.

"मस्त," मी म्हणालो.

पुढच्या जानेवारीची जागा ठरली आहे. जव्हार. मुकण्यांचं संस्थान, जयविलास राजवाडा, डोंगरावरचं गाव, थंडी चांगली. सुचवलं अर्थात साडूंनीच. कर्नाळ्याच्या चढावर तिसऱ्या वळणाला म्हणाले होते, की यापेक्षा जव्हार बरं. खोल्या सांगून ठेवल्यात, एक जागा गाडीत शिल्लक आहे. तुम्हाला कर्नाळ्याची अगदी बारीकसारीक, खात्रीची माहिती हवी असेल, तर जव्हारला या.