काजळीची वारी

कोथरूड ते डेक्कन एवढ्या प्रवासाला डिझेलची एसयूव्ही घेणारा माणूस आमच्या सोसायटीत मी एकटाच. बुकिंगच्या दिवशी मी 'टॉर्क' हा शब्द इतक्यांदा तोंडातून काढला की शोरूममधला मुलगा मला इंजिनिअर समजला. घरी सांगताना मात्र लडाख पुढे केलं होतं. त्यावर हिने, "ऑफिस लडाखला हलवतायत का?" असं विचारलं, पण कर्ज मंजूर झालेल्या माणसाला असले प्रश्न ऐकू येत नाहीत. शोरूममध्येही रंग कुठला, नंबर फॅन्सी हवा का, हाराबरोबर फोटो काढायचा का, सगळं विचारलं. रोज किती चालवणार, हे तेवढं कुणी विचारलं नाही.

सीटवरचं प्लॅस्टिक मी अजून काढलं नव्हतं, तेव्हाच मीटरवर पिवळा दिवा लागला. डब्यात साबुदाणा भरून ठेवावा तसं ते चित्र होतं. मी नव्या गाडीच्या मालकाने करायचे सगळे उपाय केले: गाडी बंद करून चालू केली, बॉनेट उघडून आत गंभीरपणे पाहिलं आणि पुन्हा लावलं. दिवा तसाच.

सर्व्हिस सेंटरमधल्या ॲडव्हायझरने यंत्र जोडलं आणि निदान सांगितलं, "सर, डीपीएफ चोकअप होतोय. गाडी पळत नाही तुमची."

"रोज पळते!"

"रोज रांगते, सर."

मग त्याने मला समजावलं. 1 एप्रिल 2020 पासून आपल्याकडे गाड्यांच्या धुरासाठी बीएस-6 हे मानक आलं. मधली पाच नंबरची पायरी आपण गाळलीच. आधी डिझेलच्या मोटारीला किलोमीटरमागे 25 मिलिग्रॅम सूक्ष्म कण सोडायची मुभा होती, ती 4.5 वर आली. एवढी काजळी अडवायची म्हणून धुराच्या वाटेत जाळीदार फिल्टर बसवतात, तोच डीपीएफ. तो भरत आला की गाडी स्वतःच जास्तीचं डिझेल सोडून सहाशे अंशांच्या आसपास उष्णता तयार करते आणि ती काजळी जाळून टाकते. याला 'रीजन' म्हणतात. अट एवढीच, की तोवर गाडी एका चालीने पळत राहिली पाहिजे. "साठच्या वर ठेवा, गिअर एक खालचा ठेवा, वीसेक मिनिटं थांबू नका," तो म्हणाला.

पुण्यात. वीस मिनिटं. न थांबता. मी कर्वे रस्ता डोळ्यांसमोर आणला आणि त्याच्याकडे पाहिलं. तोही पुण्याचाच होता. त्याने नजर चुकवली आणि बोट साताऱ्याच्या दिशेने केलं.

तेव्हापासून भल्या पहाटे उठून मी गाडीला फिरायला नेऊ लागलो. डॉक्टरांनी सांगूनही जो स्वतः कधी फिरायला गेला नाही, तो मी! कात्रजचा नवा बोगदा ओलांडला की गाडी पळवायची, खेड-शिवापूरचा टोल भरायचा, मिसळ खायची, परत यायचं. पहिल्या दिवशी उत्साहात ऐंशीच्या वर गेलो तर गाडी टुंग-टुंग करायला लागली. जुलै 2019 पासूनच्या गाड्यांना ही सक्तीच आहे. एकशे वीसच्या पुढे तर थांबतच नाही म्हणे. पळव म्हणून दिवा लावणारी तीच आणि पळवली म्हणून ओरडणारीही तीच. बरं, काजळी निम्मी जळते न जळते तोच टोलची रांग यायची आणि गाडीचा यज्ञ अर्धवट राहायचा.

दरम्यान एक शुभवर्तमान हाती आलं. ऑइलची पातळी बघायला डिपस्टिक काढली, तर ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलं! जुन्या गाड्या ऑइल प्यायच्या, ही तयार करते, असं मी पार्किंगमध्ये चारचौघांना अभिमानाने सांगितलं. ॲडव्हायझरने तो अभिमान फार टिकू दिला नाही. रीजन अर्धवट राहिलं की जास्तीचं डिझेल खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतं, ऑइल पातळ होतं आणि इंजिन झिजतं. ऑइल बदललं. बिलात टॉर्कचा उल्लेख नव्हता.

मग लग्नसराई आली, पहाटेचे दौरे चुकले आणि नेमकं खंबाटकी चढताना गाडीने हात टेकले. याला लिंप मोड म्हणतात. पाय ॲक्सिलरेटरवर पूर्ण दाबलेला आणि गाडी मात्र एकादशीच्या उपासाला बसलेली. इथे विनोद संपतो. आरशात मागचा कंटेनर मोठा होत होता, मी चारही इंडिकेटर लावून डावी कड धरली होती, मागच्या सीटवर सासरे होते आणि ते काही बोलत नव्हते. नंतर उसाने लादलेला ट्रक आम्हाला सावकाश मागे टाकून गेला. त्याच्या क्लीनरने खिडकीतून डोकं काढून, "काय झालं, काका?" असं इतक्या मायेने विचारलं, की त्याने शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

घरी आल्यावर मी इरेला पेटलो. 2021 पासून सदोष गाड्या सक्तीने परत बोलवायचा नियम आहे. मालकांनी सरकारकडे तक्रारी नोंदवायच्या, त्या ठरावीक प्रमाणाबाहेर गेल्या की कंपनीला चौकशीला तोंड द्यावं लागतं, दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत दंडही होऊ शकतो. मी तक्रार लिहायला बसलो. दोषाचं वर्णन करा. लिहू लागलो, आणि गाडीसोबत मिळालेल्या जाडजूड पुस्तकात तोच दिवा, तीच जाळी, तीच वीस मिनिटं छापलेली सापडली. म्हणजे माझी तक्रार एवढीच उरत होती, की मी ऑफिसच्या फार जवळ राहतो. हिने सुचवलं, "तेच लिहा. दंड कुणाला होतो ते बघू."

आता मी हट्ट सोडलाय. दिव्याची बातमी नातेवाइकांत केव्हाच पोचली आहे आणि काजळीच्या हिशेबाने आमचे देव ठरतात. थोडी साठली तर बनेश्वर, जास्त साठली तर नारायणपूर. काल आत्याचा फोन आला.

"दिवा लागला का रे?"

"नाही अजून, आत्या. कालच साफ झालंय."

"बघ हं, या पौर्णिमेला नृसिंहवाडीला जायचं मनात आहे. तोवर जरा गावातल्या गावातच चालव."