डावखुऱ्यांचे गिअर

भारतात मोटारीचा गिअर डाव्या हाताने बदलला जातो, ही गोष्ट इतकी अंगवळणी पडलेली आहे की तिच्यातील सामाजिक क्रांतीकडे कोणाचे लक्षच जात नाही. प्रसाद, दक्षिणा, हळदीकुंकू अशा प्रत्येक ठिकाणी ‘उजवा हात पुढे कर’ असे दटावून ज्या हाताला मागे सारले जाते, त्याच हाताकडे इंजिनाचा जोर चाकांपर्यंत किती पोहोचवायचा हे ठरवणारी दांडी मोटारीत बसताक्षणी बिनतक्रार सोपवली जाते. हा मान डावखुऱ्यांनी मोर्चे काढून मिळवलेला नाही. इंग्रजांनी रस्त्याच्या डाव्या बाजूने वाहने हाकण्याची रीत येथे रुजवली, समोरून येणारे वाहन नीट दिसावे म्हणून चालक उजवीकडे बसला, आणि त्याच्या उजव्या अंगाला दरवाजा असल्यामुळे दांडी डाव्या अंगाला आली. गोव्यातील डावखुरे तर थोडक्यात बचावले. पोर्तुगालने १९२८ मध्ये उजवी बाजू धरली, तरी शेजारी ब्रिटिश मुलूख असल्यामुळे गोव्याने डावी बाजू सोडली नाही.

दहांपैकी सुमारे नऊ माणसे उजवी असतात, आणि या व्यवस्थेत खरी पंचाईत होते ती त्यांची. आयुष्यभर फार तर वाटी धरण्याचे काम केलेल्या हाताला अचानक दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जायला सांगितले, की तो आधी गोंधळतो आणि मग पाचवा टाकून मोकळा होतो. गाडी आचके देत बंद पडते, मागचे हॉर्न सुरू होतात आणि डावीकडे बसलेले शिकवणारे काका, ज्यांच्या पायाशी स्वतंत्र क्लच व ब्रेक असतात, ‘खाली बघू नका’ असे खाली बघतच सांगतात. जुन्या काळच्या अँबॅसिडर आणि पद्मिनीत ही दांडी स्टिअरिंगलाच डावीकडून जोडलेली असे, तर बजाजच्या स्कूटरवर क्लच आणि गिअर दोन्ही डाव्या मुठीतच असत. म्हणजे वाहन कोणतेही असो, डाव्याची चाकरी चुकत नसे. त्यातच इशारे करताना उजवा हात खिडकीबाहेर काढण्याचा नियम असल्यामुळे, वळणावर डावा हात गिअरवर, उजवा हात बाहेर आणि स्टिअरिंग देवाच्या भरवशावर अशी जी त्रिस्थळी यात्रा घडे, तिच्यापुढे हाताचे डावे-उजवेपण अगदीच क्षुल्लक ठरे.

डावखुरा मराठी माणूस अमेरिकेत गेला की दांडी उजव्या हाताला जाते. तेथील बहुतेक गाड्या ऑटोमॅटिक, म्हणजे गिअर आपणहून बदलणाऱ्या असल्यामुळे त्याचे संस्थान खालसा होते खरे, पण निदान उजव्यांच्याही हाती काही लागत नाही.

एवढे असूनही डावखुरा जन्मतःच सफाईदार गिअर टाकतो असे मानणे चूक आहे, कारण गिअरची खरी नाडी हातात नसून क्लचमध्ये, म्हणजे इंजिन आणि चाके यांचा संबंध क्षणभर तोडणाऱ्या पायाखालच्या पट्टीत असते. चालक कोणत्याही बाजूला बसो, ही पट्टी डाव्या पायाखालीच असते. ती अर्धवट दाबून गाडी चढावर तोलून धरणे, ज्याला ‘हाफ क्लच’ म्हणतात, हे उजव्याला जितके जड जाते तितकेच डाव्यालाही जाते. तेव्हा घरातील डावखुऱ्या मुलाला गाडी शिकायला पाठवताना पालकांनी त्याच्या हाताची चिंता सोडावी आणि आधी त्याला जाड तळव्याचे बूट घालून जाऊ नकोस एवढे सांगावे.