चाळीसपैकी नऊ

पोरांना अपयश पचवायला शिकवलं पाहिजे, असं हल्ली सगळेच म्हणतात. कोणी शिकवायचं, हे कोणी सांगत नाही. आमच्याकडे हा प्रश्न ताईने एका झटक्यात सोडवला. भाचा दहावीला गणितात राहिला, घरात कोणी कोणाशी बोलेना, तेव्हा ती मला म्हणाली, "तूच समजाव त्याला. तुला अनुभव आहे."

आमचं नांदगाव मुंबई-भुसावळ लोहमार्गावर आहे. इथे गाडीला उशीर होतो, निकालाला होत नाही. दुपारी एकला आकडे मोबाईलवर उमटले आणि सव्वाला गल्लीच्या दुसऱ्या टोकाला पोचले. संध्याकाळी माणसं भेटायला येऊ लागली. चहा घ्यायची, पोराकडे न बघता ताईला विचारायची, "असं कसं झालं हो?" एका मावशींनी साडेसाती शोधून काढली. कधी देवळाची पायरी न चढणारे दाजी शनिवारी तेलाची बाटली घेऊन नस्तनपूरला शनी महाराजांकडे गेले. आमच्या वेळी नापास झालं की थेट ऑक्टोबरची वारी असायची. 2015 साली मंडळाने त्याच वर्षी जुलैत परीक्षा घ्यायला सुरुवात केली, पोरांचं वर्ष वाचू लागलं. घरच्यांना मात्र जुलैपर्यंतही दम निघत नाही.

मी तयारीनिशी गेलो. पहिला मान आइन्स्टाइनचा. "एवढा मोठा शास्त्रज्ञ, पण शाळेत गणितात नापास!" भाच्याने मोबाईलवर बोट फिरवलं. "मामा, थाप आहे ही. पंधराव्या वर्षाच्या आत त्याला कलन येत होतं. त्याने स्वतःच सांगितलंय." कलन म्हणजे काय हे मला आठवेना, म्हणून मी क्रिकेटकडे वळलो. सचिनचा पहिला एकदिवसीय सामना, डिसेंबर 1989, गुजरांवाला: शून्य. पुढचा, डुनेडिनला: पुन्हा शून्य. भाचा म्हणाला, "पण तिसऱ्या सामन्यात घेतलं ना त्याला? आई तर मला म्हणते, सरळ दुकानात बस."

मग मी शेजारच्या चांदवड तालुक्यात उतरलो. तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ. वडिलांबरोबर विहिरी खोदणारा पोरगा. सैन्यात गेला, तिथे वल्ही मारायला शिकला आणि 2016 मध्ये रिओ ऑलिंपिकला पोचला. आपल्या भागात टँकरच्या पाण्याची वाट बघतात, आणि हा पठ्ठ्या नौकानयनात देशाकडून उतरला! रिओत तेरावा आला. 2018 सालच्या आशियाई स्पर्धेत एकट्याच्या शर्यतीत शेवटचा, आणि दुसऱ्याच दिवशी चौघांच्या नौकेत सुवर्णपदक. भाचा पहिल्यांदा सावरून बसला. मला वाटलं, जिंकलो. थोडा विचार करून तो म्हणाला, "शेवटचा आला त्या रात्री त्याच्याकडे कोणाचा मामा गेला होता का समजवायला?"

उदाहरणं संपली की माणूस भलतं धाडस करतो. मी म्हणालो, "चल, मीही पेपर सोडवतो तुझ्याबरोबर. बघू, नापास व्हायला कोण घाबरतं!" बीजगणिताचा जुना पेपर, 40 गुण, दोन तास. आतून मी निर्धास्त होतो. कांद्याच्या व्यापाऱ्यांचे हिशेब लिहिण्यात माझा जन्म गेला, आणि अभ्यासक्रमात जीएसटीचं अख्खं प्रकरण! पेपर हातात पडल्यावर लक्षात आलं की ताज्या कांद्यावर जीएसटीच नाही. पुढे क्रेमरची पद्धत. दोन उभ्या रेघांमध्ये चार आकडे कोंडून ठेवलेले. त्यांची सुटका कशी करायची ते कळेना, तेव्हा मी चारींची बेरीज करून मोकळा झालो.

भाच्याने लाल पेनाने तपासलं. 40 पैकी 9.

त्यानंतर माझ्या तोंडून जे निघालं ते ऐकून अपयशावरच्या तमाम व्याख्यात्यांनी माना खाली घातल्या असत्या. पंखा कुरकुरत होता. पायऱ्यांचे गुण दिलेच नाहीस. आमच्या वेळी क्रेमर नव्हता. (क्रेमर अठराव्या शतकातला, हे भाच्याने तिथल्या तिथे दाखवून दिलं.) स्वयंपाकघरातून ताईने विचारलं, "किती पडले रे?" "बरे पडले," मी म्हणालो आणि उत्तरपत्रिकेची घडी करून खिशात सारली.

भाचा माझ्या खिशाकडे बघत राहिला. "मामा, काढ ती. कुठे चुकलं ते बघू." ती समोर पसरल्यावर म्हणाला, "मला माझीही बघायची होती. पैसे भरले की मंडळ छायाप्रत देतं. पण पप्पा म्हणाले, तो कागद घरात नको."

छायाप्रतीचे पैसे मी भरले. एवढा एकच व्यवहार मला चोख जमला. ती आली तेव्हा आम्ही ओळ न् ओळ वाचली. भूमिती बरी होती. वर्गसमीकरण शेवटच्या ओळीपर्यंत बरोबर, तिथे वजाचं चिन्ह गळालेलं. समीकरण दिलं की ते सोडवत होता. तेच शाब्दिक उदाहरणातून मांडायचं असलं की पान कोरं. महिनाभर आम्ही ज्याला 'गणितात कच्चा' म्हणत होतो, तो पोरगा दोन ठिकाणी कच्चा होता. तेवढीच दोन ठिकाणं त्याने घोटली, आणि पुरवणी परीक्षेत सुटला.

माझ्या व्याख्यानाचा उपयोग किती झाला, हे मी विचारलं नाही. पण माझ्या 9 गुणांचा झाला. भाच्याने ती बातमी गावभर केली, आणि भेटायला येणाऱ्यांनी त्याचा विषय सोडून माझा धरला. महिन्यात पहिल्यांदा तो पोटभर हसताना दिसला.

मला मात्र पुरवणी परीक्षेची सोय नाही. परवा एका व्यापाऱ्याने मी लिहिलेला हिशेब घेतला, चष्मा लावला आणि बोट ठेवून एकेक आकडा तपासू लागला. मी तोंड वाकडं केलं, तसा म्हणाला, "राग मानू नका हो. कुठे चुकलंय तेवढं बघतोय."