पिकोबा

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक तरुण राहतो. त्याचं खरं नाव मेंटेनन्सच्या पावतीवर आहे. बाकी सगळे त्याला पिकोबा म्हणतात. हे बारसं त्याच्या मामांमुळे झालं. मामा भातलावणी उरकून चार दिवस राहायला आले होते. भाचा फोनवर कुणाला तरी सांगत होता, "यंदा चार नवीन पिकं घेतली. एक पिवळं, एक हिरवं, दोन चांगली जाड." मामांचा ऊर भरून आला. संध्याकाळी जिन्यात मला गाठून त्यांनी हळूच विचारलं, "जमीन कुठं घेतली हो यानं?"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. गिटारच्या तारा छेडायला चिमटीत धरायचा, पिंपळपानाच्या आकाराचा, पण बोटभरही लांब नसलेला तुकडा म्हणजे पिक. साधं पिक वीस-तीस रुपयांत मिळतं आणि छत्रीच्या खालोखाल हरवतं. सतारवाल्याला जशी मिजराब, तसं गिटारवाल्याला पिक. फरक इतकाच, की सतारवाला मिजराब चढवून सतार वाजवतो.

पिकोबाच्या आईकडे गोळ्यांचा डबा होता, सोमवार ते रविवार असे सात खण असलेला. तो पिकोबाने ढापला. सोमवारी नायलॉन, मंगळवारी सेल्युलॉइड, बुधवारी डेलरिन अशी तिथे वस्ती झाली. माउलीला नवा डबा आणून दिला, पण तोही त्याच रंगाचा. एका गुरुवारी रक्तदाबाच्या गोळीऐवजी तिच्या तळहातावर पिवळंजर्द पिक आलं. तिने ते चष्म्याजवळ नेलं, उलटसुलट केलं आणि म्हणाली, "डॉक्टरांनी कंपनी बदललेली दिसते." पिकोबा धावत आला. आईची काळजी होतीच. पण आधी त्याने पिक काढून घेतलं, मग पाणी दिलं.

जाडीचं वेड वेगळं. डनलॉप कंपनीने १९८१ मध्ये टॉर्टेक्स नावाची पिकं काढली आणि रंगावरून जाडी ओळखायची सोय केली. आमच्या लहानपणी पावकी-निमकी म्हणत, तसं पिकोबा म्हणतो: लाल पन्नास, नारिंगी साठ, पिवळं त्र्याहत्तर, हिरवं अठ्ठ्याऐंशी, निळं एक, जांभळं एक चौदा. हे सगळं मिलिमीटरमध्ये. पिवळ्या आणि हिरव्यात फरक ०.१५ मिलिमीटरचा. तेवढ्यावर त्याने एक अख्खी दिवाळीची सुट्टी काढली.

दर रविवारी दहाच्या सुमारास बेल वाजते. "काका, दोन मिनिटं. फक्त कान द्या." मग मला भिंतीकडे तोंड करून बसवतात. मागून 'झ्यांव' होतं.

"हे कसं वाटलं?"

"छान."

"आणि हे?"

"तेही छान."

"काका, नीट ऐका हो. पहिलं सेल्युलॉइड, दुसरं नायलॉन. नायलॉन बोलतं गोड, पण शब्द गिळतं."

मला तेवढ्यात कुकरची तिसरी शिट्टी ऐकू आलेली असते. तीन वर्षांत त्याने मला एकच कॉर्ड ऐकवली आहे. जी मेजर. तिच्या पुढे काय असतं ते मला माहीत नाही, आणि त्यालाही असेलच असं नाही.

मात्र माहिती पक्की. जुन्या काळी उत्तम पिकं समुद्री कासवाच्या, हॉक्सबिल जातीच्या कासवाच्या कवचाची करत. बिचाऱ्या कासवाचा फडशा पडत गेला, तेव्हा १९७०च्या दशकात त्याच्या जागतिक व्यापारावर बंदी आली. त्याच्या कितीतरी आधी, १९२२ साली, न्यूयॉर्कच्या डी'आंद्रेआने सेल्युलॉइडची पिकं काढली होती. हे सगळं समजल्यावर पिकोबा वेळासच्या कासव महोत्सवाला जाऊन आला. पिल्लं समुद्राकडे निघाली तशी लोकांनी फोटो काढले, याने नुसते सुस्कारे टाकले. ती ऑलिव्ह रिडलेची पिल्लं, तुझ्या जातीची नव्हेत, असं मी सांगितल्यावर जरा सावरला.

सेल्युलॉइडमध्ये कापूर असतो, हे त्याने कौतुकाने आईला सांगितलं. आईला इतक्या वर्षांत प्रथमच मुलाच्या छंदात अर्थ दिसला. संध्याकाळी आरतीच्या ताम्हणात मंगळवारचा खण रिकामा झालेला पाहून पिकोबाने जी किंकाळी फोडली, तिचा सूर मात्र अगदी स्वच्छ होता. बरं झालं वेळेत पाहिलं. सेल्युलॉइड जुन्या सिनेमाच्या रिळासारखं भडकतं.

पुढे ब्रायन मे आला. म्हणजे इमारतीत नव्हे, बोलण्यात. क्वीन बँडचा हा गिटारवाला पिकाऐवजी सिक्सपेन्सचं जुनं इंग्रजी नाणं वापरतो. त्याचा जोडीदार फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीला शाळेत होता, त्यामुळे पिकोबा त्यांच्याशी घरचं नातं सांगतो. सिक्सपेन्स कुठून आणणार? माझ्याकडून २०११ साली बाद झालेले चार आणे घेऊन गेला. अर्ध्या तासात 'टण्ण' ऐकू आलं. पहिली तार गेली. चार आणे परत आले नाहीत.

करवंटीचा किस्सा सांगतो, कारण त्यात मी पकडला गेलो. सरोदवाले ज्याने वाजवतात तो जवा नारळाच्या करवंटीचा करतात, हे त्याला समजलं. झालं! घरात सोलकढीचा सपाटा सुरू झाला. बाल्कनीत कानस, पॉलिश पेपर, खोबरेल तेल. आठवडाभर घासून त्याने एक तपकिरी, तुळतुळीत तुकडा केला, मला भिंतीकडे वळवलं आणि छेडला. खोटं कशाला बोलू, मला फरक कळला. आवाज भरीव होता, खाली बसणारा. मी "वा" म्हणालो. त्याने माझे पाय धरले. तेव्हापासून माझा एकही रविवार मोकळा नाही.

त्याची बायको समजूतदार. ती एकदाच म्हणाली, "तो गिटारवाला वेस मॉन्टगोमेरी म्हणे नुसत्या अंगठ्याने वाजवायचा, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून." माझ्याकडे पाहून म्हणाली. पिकोबाने तिला अंगठ्याच्या नखाची जाडी विचारली.

गेल्या गणपतीत त्याला एका भावगीताला साथ करायची होती. दहाला ध्वनिक्षेपक बंद करायचा नियम. पावणेदहापर्यंत डबा उघडा होता. शेवटी हिरवं ठरलं, त्याने हात उगारला, पहिलाच झटका दिला आणि पिक निसटून गिटारच्या पोटात गेलं. मग त्याने गिटार उताणी-पालथी करून पाखडायला घेतली, मुलं टाळ्या वाजवू लागली. भोकातून एकामागून एक सात पिकं पडली. आठवं चार आणे. गायिका थांबली होती. हा मांडी घालून एकेक उजेडात धरत होता. "अरे, हे तर मी दिवाळीपासून शोधतोय!" सेक्रेटरींनी दहाला माइक बंद केला. त्याच्या लक्षातही आलं नाही.

सध्या तो जुनी एटीएम कार्डं कातरून पिकं करतो. माझी दोन गेली, तळमजल्यावरच्या आजींचं एक. तुमच्याकडे मुदत संपलेलं एखादं कार्ड असेल तर जरूर आणून द्या, त्याला आनंद होईल. फक्त कृपा करून 'काहीतरी वाजवून दाखव' म्हणू नका.