अण्णांची सिस्टीम अजून ठरायचीय

आमच्या सांगलीच्या फोटोवाल्या अण्णांकडे लग्नाचा अल्बम मागायला गेलात तर आधी चहा येतो. मग मॅक चांगला की विंडोज, यावर तुमचं मत विचारलं जातं. तुम्ही कुठलंही मत दिलंत तरी ते चूकच असतं. शेवटी अल्बमचा विषय काढलाच, तर अण्णा खुर्चीत मागे रेलून म्हणतात, "अल्बम काय हो, दोन दिवसांचं काम. एकदा सिस्टीम ठरू दे."

सिस्टीम ठरण्याचं हे काम रोल धुणं बंद झालं तेव्हापासून चालू आहे. तसा हा माणूस चंचल नाही. पहिलं स्थळ पाहिलं आणि पसंत म्हणून मोकळा झाला. दुकानाची जागा रस्त्यात उभ्या उभ्या ठरवली. मंडपात अंतरपाट दूर व्हायच्या आत कुठे उभं राहायचं हे त्याला कुणी सांगावं लागत नाही. पण कॉम्प्युटरसमोर बसवलं की त्याच्या अंगात संशोधक संचारतो.

अण्णांची पहिली निष्ठा मॅकवर. "फोटोशॉप जन्मलं तेच मॅकवर, १९९० साली. विंडोजवाल्यांना १९९२ उजाडावं लागलं," हे ते अशा थाटात सांगतात की बारशाला घुगऱ्या यांनीच वाटल्या असाव्यात. माहिती अगदी बरोबर आहे, पण आज तेच फोटोशॉप दोन्हीकडे सारखंच चालतं, हे सांगायची सोय नाही. तर पुण्याहून एक जुना आयमॅक आला. त्यावर नवरी उजळ दिसायची, घरच्यांनी सीडी आपल्या कॉम्प्युटरवर लावली की सावळी. नवरीच्या आईनं दुकानात येऊन विचारलं, "माझी पोरगी गेली कुठं?" दोष कुणाचाच नव्हता. त्या काळी मॅकचा गॅमा १.८ असायचा आणि विंडोजचा २.२, त्यामुळे तोच फोटो मॅकवर फिका आणि विंडोजवर गडद दिसे. २००९च्या स्नो लेपर्डपासून मॅकही २.२ वर आला. अण्णांनी हे नवरीच्या आईला समजावून सांगितलं. तिनं ते शांतपणे ऐकलं आणि बिलातले पैसे कापले.

मॅकवरची श्रद्धा ढळली ती मात्र हार्ड डिस्कमुळे. व्हिडिओवाल्याची डिस्क जोडली की सगळ्या फाइली दिसत, पण तिच्यात एक फोटो टाकता येत नसे. विंडोजची एनटीएफएस पद्धतीची डिस्क मॅक नुसती वाचतो. तिच्यात लिहायला वेगळं सॉफ्टवेअर लागतं, नाहीतर डिस्क एक्सफॅट करून घ्यावी लागते. मेव्हण्याच्या नव्या गाडीसारखा प्रकार: बघा, पण चालवू नका.

मग इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्यानं लिनक्स आणलं. 'फुकट' हा शब्द ऐकल्यावर अण्णांनी त्याला जेवायला ठेवून घेतलं. उबुंटू बसलं. डार्कटेबलमध्ये रॉ फाइली उघडल्या तेव्हा अण्णा खरोखरच भारावले, आणि भारावण्यासारखं ते सॉफ्टवेअर आहेच. निसर्गाचे, पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्याला मी बिनधास्त लिनक्स सुचवीन. पण लग्नाच्या धंद्याचं गणित वेगळं. फोटोशॉप लिनक्ससाठी निघतच नाही, आणि अण्णांचं सारं भांडवल बारा बाय छत्तीसच्या पीएसडी डिझाइनांत: मोर, कलश, गुलाबपाकळ्या, ढगातून डोकावणारा नवरदेव. गिंपमध्ये पीएसडी उघडते खरी, पण एका डिझाइनमधली सगळी चमक उडाली आणि नवरदेव ढगाच्या पुढे येऊन उभा राहिला. नावं लिहायची श्रीलिपीही विंडोजवरच राहिलेली. त्यात काहीही बसवायचं म्हटलं की लिनक्स पासवर्ड मागे. "माझ्याच दुकानात मला विचारतंय, कोण तुम्ही?" अण्णा फार दुखावले.

या सगळ्या काळात गिऱ्हाइकांना अल्बम मिळत होते. कसे, याचं आश्चर्य अण्णांना कधी वाटलं नाही. आतल्या खोलीत वहिनी जुन्या विंडोजवर बसून ते करत होत्या. कुकरच्या शिट्ट्या मोजत मामांच्या फेट्यावरचा फ्लॅशचा डाग पुसायचा, डोळे मिटलेल्या आत्याबाईंना दुसऱ्या फोटोतले डोळे बसवायचे, आणि कोल्हापूरच्या लॅबला एसआरजीबीत जेपेग पाठवायचे. खोलीची भिंत पोपटी होती. त्या रंगाची झाक पडद्यावर पडते, हे वहिनींनी लॅबचे प्रिंट शेजारी धरून ओळखलं, भिंत करड्या रंगानं रंगवून घेतली आणि मॉनिटरला काळ्या पुठ्ठ्याची झापडं लावली. भाच्यानं तेव्हाच सांगितलं होतं, मामा, पैसे घालायचेच तर चांगला मॉनिटर घ्या आणि कॅलिब्रेटर घ्या. पडद्यावर टेकवायची डबी असते, रंग मोजून प्रोफाइल बनवते. सिस्टीम कुठलीही असो. अण्णांनी किंमत ऐकली आणि म्हणाले, "एवढ्याशा डबीला एवढे?" लाख रुपयांच्या मॅकचं कोटेशन त्या वेळी त्यांच्या खिशात होतं.

आता १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची मोफत अपडेट बंद झाली. वहिनींच्या जुन्या मशीनमध्ये टीपीएम २.० नाही, म्हणजे त्यावर विंडोज ११ रीतसर बसणार नाही. अण्णांना दिवाळीत दुसरी दिवाळी! नवी वही आणली, रकाने आखले, मॅकच्या एम चिपचा अभ्यास सुरू झाला. वहिनींनी एवढंच केलं: मशीनची इंटरनेटची वायर काढून ठेवली, फोटोंची दुसऱ्या डिस्कवर नक्कल केली आणि मे महिन्यातली राहिलेली हळद पुरी करायला बसल्या. अपडेट थांबली म्हणून मशीन थोडंच थांबतं!

परवा एका गिऱ्हाइकानं अल्बमची तोंड भरून स्तुती केली. अण्णा विनयानं म्हणाले, "आणि ही तर सिस्टीम ठरायच्या आधीची क्वालिटी."

तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतील. घरात कार्य असेल तर अण्णांनाच बोलवा. हार गळ्यात पडतानाचा फोटो त्यांच्यासारखा कुणी काढत नाही. अल्बमचं तेवढं वहिनींशी बोलून घ्या, आणि तेही अण्णा दुकानात नसताना.