टॉप मॉडेलच्या जनकास अनावृत पत्र

प्रति,
मा. व्हेरिएंट ठरवणारे साहेब,
कुठल्याही मोटार कंपनीचे मुख्य कार्यालय.

विषय : सात लाखांत गाडी घ्यायला निघालेल्या कुटुंबास साडेआठ लाखांपर्यंत सुखरूप पोहोचवल्याबद्दल आभार.

महोदय,
स. न. वि. वि.

आपली प्रत्यक्ष ओळख नाही. शोरूममध्ये भेटतो तो गळ्यात ओळखपत्र अडकवलेला, ‘सर, चहा की कॉफी?’ विचारणारा मुलगा. तो बिचारा निरोप्या. खरे कलावंत आपण. गाडीत काय घालायचं हे इंजिनिअर ठरवतात. त्यातलं काय, कुणाला, किती पैसे मोजेपर्यंत द्यायचं नाही, हे आपण ठरवता. तेव्हा मानाचा मुजरा आपल्यालाच.

आमच्यासारखी माणसं महिनोन्‌महिने एकाच वादात रमलेली असतात. वॅगन-आर की टियागो? स्विफ्ट की नियॉस? जेवणाच्या ताटावर वाद, लग्नाच्या पंगतीत वाद. या गाड्या एकमेकींसारख्या दिसतात त्यात नवल काही नाही. २००६च्या अर्थसंकल्पाने ‘लहान गाडी’ची चौकट आखून दिली : लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० पर्यंत. चौकटीत बसा, कर कमी भरा. तेव्हापासून सगळ्या कंपन्या त्याच मापाचे कपडे शिवतात. स्विफ्टचं इंजिन ११९७ सीसी, नियॉसचं ११९७, टियागोचं ११९९. सप्टेंबर २०२५मध्ये लहान गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, तोही याच चौकटीसाठी. म्हणजे आम्ही ज्या फरकावर भांडतो तो फरक मुळातच थोडा. मोठा फरक एकाच गाडीच्या बेस आणि टॉपमध्ये, आणि तो सर्वस्वी आपल्या हातचा.

काय ती नावं! एलएक्सआय, व्हीएक्सआय, झेडएक्सआय. एक्सई, एक्सएम, एक्सटी, एक्सझेड. एरा, मॅग्ना, स्पोर्ट्झ, अ‍ॅस्टा. ऐकणाऱ्याला वाटावं, आयुर्वेदिक काढ्याच्या मात्रा आहेत. बेसमध्ये मागच्या काचा हाताने फिरवायच्या आणि म्युझिक सिस्टीमच्या जागी प्लॅस्टिकचं झाकण. चाळीस-पन्नास हजार वाढवले की झाकण जाऊन स्क्रीन येतो, पण ड्रायव्हरची सीट खाली-वर होत नाही. आणखी वाढवा, सीट हलेल. मागच्या काचेचा वायपर आणि डीफॉगर मात्र अगदी वरच्या मजल्यावर. पावसाळ्यात कसारा घाटात मागची काच धुक्याने भरते, ती बहुधा टॉप मॉडेलवाल्यांचीच. बेसवाल्यांनी घाट उन्हाळ्यात उतरावा, असा आपला आरोग्यदायी सल्ला दिसतो.

आणि आपली खरी प्रतिभा पुढेच आहे. टॉपच्या किमतीला पोहोचलो की ती किंमत थेट पुढच्या मोठ्या गाडीच्या बेसला जाऊन भिडते. ‘सर, टियागोच्या टॉपमध्ये अजून थोडे घातलेत तर पंच येते.’ ‘सर, स्विफ्टचं टॉप घेण्यापेक्षा बलेनो बघा ना.’ घरात चिरंजीवांना तेवढ्यात सनरूफ आठवतं. सौ. म्हणतात, ‘एकदाच घ्यायची आहे तर...’ या ‘तर’वर आपल्या कंपनीचा निम्मा धंदा चालत असावा. मोठ्या गाडीच्या बेसमध्ये पुन्हा प्लॅस्टिकचं झाकण असतं, हे शेवटी कळतं. मग तिथून पुन्हा वर.

एवढं करूनही आपण सांगता ती किंमत एक्स-शोरूमच असते. सात लाखांची पेट्रोल गाडी महाराष्ट्रात स्वतःच्या नावावर घेतली की ११ टक्के रोड टॅक्स, म्हणजे ७७ हजार. तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम भरावा लागतो. २०२२ पासूनच्या दराने १००० ते १५०० सीसीच्या गाडीला तो १०,६४०, १००० पर्यंतच्या गाडीला ६,५२१. त्यावर गाडीच्या नुकसानीचा विमा, फास्टॅग, नोंदणी. त्यानंतर ‘बेसिक किट’ नावाचा प्रकार : मॅट, मडफ्लॅप, सीट कव्हर. ‘किट सगळेच घेतात, सर.’ विमा बाहेरून घेतो म्हटलं की चहा गार होतो आणि डिस्काउंट आटतो. विमा कुणाकडून घ्यायचा हे ठरवायचा हक्क गिऱ्हाइकाचा आहे, हे त्या कोटेशनवर मात्र कुठे छापलेलं नसतं.

आम्ही ‘जरा जास्त होतंय’ म्हटलं की कॅल्क्युलेटर निघतो. ‘वरचे दीड लाख ना, सर? महिन्याला फक्त चोवीसशे.’ बरोबर आहे. नऊ टक्क्यांनी सात वर्षं फेडले तर हप्ता साधारण चोवीसशेच येतो. फक्त सात वर्षांनी त्या दीड लाखाचे दोन लाख तीन हजार झालेले असतात, आणि ज्या स्क्रीनसाठी हे केलं त्याकडे तोवर कुणी ढुंकूनही बघत नाही.

आता थोडं आमच्याही अंगणात बघतो. आपल्याला आमची नस अचूक सापडली आहे : ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ जाहिरातीतला आकडा आपल्या पुण्यात वेताळ टेकडीवर बसलेल्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेत निघतो. तिथे गाडी रोलरवर पळते. रोलरला सिग्नल नाही, चढ नाही, मागून हॉर्न मारणारा टेम्पो नाही, गाडीत एसी लावून बसलेले पाच पाहुणेही नाहीत. तरी त्या आकड्यावरून आम्ही भाऊबंदकी करतो. हिशेब मात्र शाळकरी आहे. महिन्याला ५०० किलोमीटर चालणारी गाडी लिटरला १८ देवो की २०, फरक पडतो पावणेतीन लिटरचा. तीनशे रुपयांच्या आसपास. तेवढ्यासाठी वर्षभर वाद आणि दीड लाखाची सही मात्र पंधरा मिनिटांत, हे आमचं अर्थशास्त्र आपण आमच्यापेक्षा नीट ओळखता.

सीएनजीचंही तेच. समजा सीएनजी मॉडेल ९० हजारांनी महाग आणि किलोमीटरमागे सव्वादोन रुपये वाचतात. मग वरचे पैसे निघायला ४० हजार किलोमीटर चालवावी लागते. रोज कामावर जाणाऱ्याची तीन वर्षांत वसूल होईल. रविवारी देवदर्शनाला काढणाऱ्याचे पैसे मात्र निघता निघता टायर बदलायची वेळ येईल. वर डिकीत टाकी बसलेली, त्यामुळे देवाला जाताना बॅगा मांडीवर. दोन छोट्या टाक्या खाली बसवून डिकी वाचवायची युक्ती काही गाड्यांत आली आहे, तीही पाहून घ्यावी.

एका गोष्टीवर मात्र थट्टा थांबवतो. एबीएस २०१९मध्ये सक्तीचं झालं, ड्रायव्हरची एअरबॅगही त्याच वर्षी, शेजारच्या सीटची २०२१ संपता संपता. त्याआधी बेसमधून या वस्तू आपणच गाळत होता. ज्याच्याकडे पैसे कमी त्याचं डोकं स्टिअरिंगवर आपटलं तरी चालेल, असा त्याचा सरळ अर्थ होता. आजही टॉप मॉडेल घेतलं म्हणून गाडीचा सांगाडा दणकट होत नाही. तो बेसचाच असतो. म्हणून बघायचं ते गाड्या-गाड्यांमधलं अंतर. ग्लोबल एनकॅपच्या अपघात-चाचणीत टियागोला २०२०मध्ये प्रौढांच्या सुरक्षेसाठी चार तारे मिळाले, नियॉसला त्याच वर्षी दोन, वॅगन-आरला २०२३मध्ये एक. नियम मधल्या काळात कडक झाले, त्यानंतर गाड्यांत एअरबॅगही वाढल्या, त्यामुळे तारे शेजारी मांडून सरळ बेरीज-वजाबाकी करता येत नाही. पण शोरूममध्ये विचारायचा पहिला प्रश्न कोणता, हे त्यातून नक्की कळतं. अ‍ॅव्हरेजचा दुसरा.

तेव्हा साहेब, मागण्या दोनच. वायपर, डीफॉगर, खाली-वर होणारी सीट आणि सगळ्या एअरबॅग बेसमध्ये द्या. स्क्रीन, अलॉय, चामड्याचं स्टिअरिंग हवं त्या मजल्यावर ठेवा, आमची तक्रार नाही. आणि फलकावर किंमत लिहाल ती ऑन-रोड लिहा.

आपला,
सात लाखवाला

ता. क. वाचकहो, साहेबांचं उत्तर येईपर्यंत एवढं करा. ऑन-रोड आकडा घरीच कागदावर लिहा आणि मगच शोरूमची पायरी चढा. नंतर बाजारात बसवून मिळतं त्यासाठी वरचं मॉडेल घेऊ नका. स्क्रीन, कव्हर, कॅमेरा, सगळं बाहेर स्वस्तात मिळतं. एअरबॅग आणि दणकट सांगाडा बाहेर बसवून मिळत नाही. पैसे तिथे घाला.