आंब्याची तब्येत

कोल्हापुरात अंगणातलं झाड आजारी पडलं की घरमालकाच्या आधी गल्लीला कळतं. आमच्या रायवळ आंब्याचा शेंडा वाळायला लागला तेव्हा आबांनी कट्ट्यावरनंच सांगितलं, "पाणी कमी पडतंय." आक्का म्हणाल्या, "दृष्ट लागलीय," आणि खोडात भला मोठा खिळा ठोकून लिंबू-मिरची टांगून गेल्या. दृष्टीचं माहीत नाही, पण झाडाला जखम मात्र झाली. कोपऱ्यावरच्या पोराचं निदान सगळ्यात झकास. "काय होत नाही भावा, मोहोर बघ की, नाद खुळा!" मरायला टेकलेलं झाड कधी कधी असंच बेफाम मोहरतं, हे त्याला कोण सांगणार?

गोची अशी की सगळे वर बघतात. वर बघावं तर हिरवंगार! त्यातला निम्मा हिरवेपणा बांडगुळाचा. फुलटोच्या पक्षी बांडगुळाचं फळ खातो, चिकट बी फांदीला पुसतो आणि उडून जातो. ते बी फांदीतच मूळ घुसवतं आणि आंब्याच्या जिवावर पोसतं. ऐन वैशाखात आंबा मलूल, हे टवटवीत, वर केशरी नळ्यांसारखी फुलं. पाहुणे कौतुकानं फोटो काढायचे. (इथं राजकारणावर एक वाक्य सुचलं होतं, ते गिळलं.)

दुखणं बघायला खाली वाकावं लागतं आणि पन्नाशीनंतर ते कुणालाच नको असतं. बुंध्याशी लाकडाचा भुसा पडला असेल तर आत खोडकिडा आहे. भुंगेऱ्याची ही जाडजूड अळी आतल्या आत बोगदे खणत बसते. तारेनं तिला उकरून काढायचं, भोकात रॉकेलचा बोळा कोंबायचा, वर चिखल लिंपायचा. साल फाटून डिंक गळत असेल तर तो भाग खरवडून मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावायची. हिची कुळकथा मजेशीर आहे. फ्रान्समधल्या बोर्दोत रस्त्याकडेची द्राक्षं वाटसरूंनी खाऊ नयेत म्हणून मळेवाले वेलींवर हे निळं पाणी मारत. त्याच वेली केवडा रोगातून वाचल्याचं १८८२ मध्ये मिलार्दे या शास्त्रज्ञानं हेरलं. आमच्या गल्लीतली पोरं निळ्या बुंध्याला भिऊन कैऱ्या सोडतील, असं मात्र घडलं नाही.

बुंध्यावर लाकडासारखी टणक अळंबी उगवली तर प्रकरण गंभीर. खोडावर ठोकून बघा. बद्द आवाज आला तर बाहेरनं पैलवान, आतनं पोकळ. एखाद्या वळवात हा गडी थेट गाडीवर चीतपट.

पण अंगण आपलं म्हणून कुऱ्हाड घालता येत नाही. राज्याच्या १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानं परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीनं पन्नाशी गाठलेलं झाड वारसा वृक्ष ठरतं आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावावी लागतात. वय ठरवताना गल्लीत दोन तट पडले. आबांचा दरवर्षीच्या कैऱ्यांवर हक्क, त्यामुळे झाड शाहू महाराजांच्या काळातलं. तसं कोल्हापुरात जुनं काहीही त्याच काळातलं असतं. शेजारच्या तात्यांची गाडी झाडाखाली उभी राहते. ते ठामपणे म्हणाले, "एकोणपन्नास." वर म्हणाले, "रोपांचा खर्च मी देतो, चला." वयाइतकी रोपं म्हटल्यावर ते थबकले. बोटांवर हिशेब झाला.

"असं करा," ते म्हणाले, "तीस लिहा. दिसतंय बी तरुणच."